टेगवेन हॅवर्ड आणि चॅपेलचं वळण

"हेडन, तुझी ॲगनेस लंगडतेय."

कँटीनच्या खिडकीतून चहाचा मग पुढे सरकवत टेगवेन हॅवर्ड एवढंच म्हणाली. हेडन खाणीच्या इंजिनाचा ड्रायव्हर होता. ॲगनेस म्हणजे ते इंजिन. जुन्या मालकाच्या मुलीचं नाव त्याला दिलं होतं. ती मुलगी कधीच लग्न करून कुठेतरी निघून गेली, खाणीची मालकीही सरकारकडे गेली, पण पितळी पट्टीवरचं नाव राहिलं.

"लंगडतेय म्हणजे काय गं?"

"चार ठोक्यांतला तिसरा उशिरा पडतोय. उजव्या बाजूला बघ."

हेडननं बाकांवर बसलेल्यांकडे बघून डोळा मिचकावला. "ऐकलंत का? आता पाव भाजणाऱ्या बाया आम्हाला इंजिन शिकवणार."

सगळे हसले, मीही हसलो. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि खाणीच्या दिवाघरात काम करत होतो. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला दिवा द्यायचा, वर आला की मोजून परत घ्यायचा. म्हणून गावात मला अजूनही 'इडवल दिवा' म्हणतात.

दुपारी हेडननं कोणाला न सांगता उजव्या बाजूचं झाकण काढलं. वाफेची झडप हलवणाऱ्या दांड्याची पिन झिजून सैल झाली होती. आणखी आठवडाभर तशीच चालवली असती तर दांडा मधेच निसटून खाली पडला असता. दुसऱ्या दिवशी तो खिडकीशी आला तेव्हा आवाज खाली होता.

"कसं कळलं तुला?"

"तुला दोन कान आहेत ना? त्यातला एक वापरत जा," असं म्हणून टेगवेननं त्याच्या मगात साखर घातली.

आमच्या कुमहेलिग गावात तिचं हे कसब जुन्या लोकांना ठाऊक होतं, नव्यांना नव्हतं. नव्यांच्या लेखी ती कँटीनमधली ठेंगणी, गोरीपान, तोंडानं तिखट बाई होती. आमच्या बरोबरीचे सगळे तिला बोपा म्हणायचे. आमच्या दरीत वडीलधाऱ्या शेजारणीला बोपाच म्हणतात, मग नातं असो नसो. ती कोण होती हे मला माझ्या आईकडून कळलं.

लढाईच्या दिवसांत खाणीतले तरुण सैन्यात गेले आणि इंजिनशेडमध्ये माणसं उरली नाहीत. टेगवेनचे वडील तिथेच बॉयलर धुवायचे. एकोणीस वर्षांची टेगवेन त्यांचा डबा घेऊन जायची, ती एक दिवस डबा ठेवून परत आलीच नाही. राख काढायला राहिली. आधी राख, मग तेल, मग पुसापुशी, आणि वर्षभरात ती ॲगनेसवर फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारी, झाली. ड्रायव्हर बेंजा बोवन हा साठीचा, तिरसट माणूस. पहिल्या दिवशी त्यानं तिला सांगितलं होतं, "पोरी, इथे बोलायचं नाही. इंजिन बोलतं, आपण ऐकायचं. फावडं माझ्या पायावर आदळलंस तर उतरवून देईन."

चार वर्षं ती बेंजाबरोबर राहिली. खाणीपासून वरच्या कोळसा धुण्याच्या कारखान्यापर्यंत दोन मैलांचा रूळमार्ग. त्यातला शेवटचा पाऊण मैल असा चढ, की पायी जाणारा माणूससुद्धा मधे कमरेवर हात ठेवून उभा राहतो. दिवसातून आठ वेळा भरलेल्या वाघिणी घेऊन तो चढ चढायचा. चव्वेचाळीस सालच्या हिवाळ्यात अर्ध्या चढावर पाण्याची पातळी दाखवणारी काच फुटली आणि उकळत्या पाण्याचा फवारा बेंजाच्या तोंडावर आला. त्यानं डोळे मिटून घेतले आणि तो खाली बसला. टेगवेननं डोक्यावर पोतं घेतलं, वाफेत हात घालून काचेचे नळ बंद केले आणि बेंजाच्या जागेवर उभी राहिली. अकरा वाघिणी तिनं एकटीनं वर नेल्या. कोळसा तीच टाकत होती, इंजिनही तीच चालवत होती. वर पोचल्यावर तिनं बेंजाला कोळशाच्या गाडीतून दवाखान्यात पाठवलं. त्याचे डोळे वाचले.

व्यवस्थापकानं चौकशी केली तेव्हा बेंजा म्हणाला, "गाडी मीच वर नेली, साहेब."

"डोळे मिटून?"

"रस्ता पाठ आहे मला."

मुलीच्या हाती इंजिन देणं नियमात बसत नव्हतं, म्हणून व्यवस्थापकानंही तेच लिहून घेतलं. टेगवेननं कधी तक्रार केली नाही. लढाई संपली, पोरं परत आली आणि सेहेचाळीसच्या मार्चमध्ये तिला बोलावून सांगितलं, की उद्यापासून कँटीन. तिनं कपाळावरचा रुमाल सोडला, शेडच्या खुंटीला टांगला आणि गेली. आई म्हणायची, त्या दिवशी तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. त्याच वर्षी तिनं खाली कोळसा तोडणाऱ्या एल्फेड हॅवर्डशी लग्न केलं. एल्फेड शांत, भला माणूस. त्याच्या छातीत कोळशाची धूळ बसली आणि पन्नाशी गाठायच्या आत तो गेला. मूलबाळ नव्हतं. टेगवेन दुसऱ्या आठवड्यात खिडकीत परत उभी राहिली.

बत्तीस वर्षं ती त्या खिडकीत होती. ड्रायव्हर बदलत गेले, आणि प्रत्येक नवा आधी हसायचा, मग एकदा झाकण उघडून बघायचा, मग तिलाच विचारायला यायचा.

अठ्ठ्याहत्तर साली खाण बंद झाली. डिझेलचं नवं इंजिन सरकारी कोळसा मंडळानं दुसऱ्या खाणीला हलवलं. ॲगनेस दोन वर्षं आधीच कामातून गेली होती. शेडच्या मागे तिच्या चाकांत काटेरी वेली वाढल्या होत्या. एका मंगळवारी बातमी आली, की येत्या सोमवारी भंगारवाले गॅसची नळकांडी घेऊन येणार आणि तिचे तुकडे करून नेणार.

बुधवारी सकाळी टेगवेन शेवटच्या व्यवस्थापकाच्या, मिस्टर प्रिचर्ड यांच्या खोलीत गेली. दार वाजवायची तिला सवय नव्हती.

"साहेब, ॲगनेस मला द्या."

प्रिचर्ड चांगले होते, पण थकलेले होते. आठशे माणसांची कामं गेल्याचे कागद त्यांच्या टेबलावर होते. "मिसेस हॅवर्ड, चोवीस टनांचं इंजिन आहे ते. ठेवाल कुठे, स्वयंपाकघरात?"

"जिथे आहे तिथेच ठेवीन. रूळही तसेच राहू द्या."

"कोणा एकट्या माणसाला देता येत नाही. रीतसर संस्था असती, तिचे अध्यक्ष, चिटणीस, सात सभासद असते आणि त्यांनी लेखी मागणी केली असती, तर मंडळानं विचार केला असता."

"कधीपर्यंत?"

"शुक्रवारी दुपारचं टपाल जातं. पण बाई, तीन दिवसांत संस्था..."

तोवर ती जिन्यावर पोचली होती.

त्या संध्याकाळी चॅपेलच्या, म्हणजे गावच्या प्रार्थनाघराच्या, मागच्या खोलीत एकोणचाळीस माणसं जमली. मी बघितलं तर प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच भाव, की आपण इथे का आलो ते नीट कळलेलं नाही. टेगवेननं दुपारभर दारोदार जाऊन बोलावलं होतं आणि कोणाला नाही म्हणता आलं नव्हतं. ती खुर्चीवर चढून उभी राहिली, कारण नाहीतर मागच्यांना दिसली नसती.

"बत्तीस वर्षं तुम्हाला खाऊ घातलंय," ती म्हणाली. "तुमच्यातल्या कोणाला बेकनची साल चालत नाही, कोणाला अंडं कडक लागतं, सगळं माझ्या ध्यानात आहे. आजवर बदल्यात काही मागितलं नाही. आज सह्या मागतेय."

मागून हेडन म्हणाला, "आणि सही नाही केली तर?"

"तर अंडं तुझं तूच उकडून घे. तसंही आता कँटीन बंदच आहे."

खाण गेल्यापासून त्या खोलीत कोणी हसलं नव्हतं. तेव्हा हसले. सात सह्या हव्या होत्या, एकोणचाळीस झाल्या. "इडवलला मोजामोज येते, दिवे मोजतो," असं कोणीतरी म्हणालं आणि मी चिटणीस झालो. गुरुवारी मी आणि टेगवेननं तिच्या टेबलाशी बसून अर्ज लिहिला. शुक्रवारी ती स्वतः तो प्रिचर्डच्या हातात देऊन आली. सोमवारी भंगारवाल्यांचा ट्रक आला तेव्हा शेडच्या फाटकाशी प्रिचर्ड उभे होते. मंडळाच्या होकाराचा कागद दाखवून त्यांनी ट्रक परत पाठवला. ॲगनेस आमची झाली.

आमची झाली म्हणजे काय झालं, हे आम्हाला पुढच्या सहा वर्षांत समजलं. बॉयलरमधल्या दीडशेच्या वर नळ्या कुजल्या होत्या. भट्टीच्या तांब्याच्या भिंती आणि बाहेरचं पोलादी कवच यांना जोडणारे खिळे झडले होते. खिळा बाहेरून ठोकायचा तर आतून कोणीतरी जड लोखंड दाबून धरावं लागतं, आणि भट्टीचं तोंड एवढंसं. आम्ही सगळे खाणीतले आडदांड गडी, खांद्यापाशीच अडकायचो. टेगवेननं कोट काढला, डोक्याला रुमाल बांधला आणि पाय आधी घालून आत गेली.

"बोपा, बाहेर कशी येशील?" मी विचारलं.

"गेले तशीच येईन. तू ठोकायचं बघ."

छपन्न वर्षांची बाई त्या अंधाऱ्या पेटीत गुडघे मुडपून बसायची आणि बाहेरून घणाचे घाव पडायचे. दोन हिवाळे तिनं तसे काढले. संध्याकाळी घरी जाताना तिला ऐकू येत नसे, म्हणून आम्ही तिच्याशी खुणांनी बोलायचो. एकदा चिडून म्हणाली, "हात काय नाचवताय, मी बहिरी नाही." ते वाक्य अख्ख्या दरीनं ऐकलं असेल.

तिसऱ्या वर्षी ग्लॅनव्हिल रीस आले. मोठ्या लाईनवर चौतीस वर्षं लंडनच्या जलद गाड्या चालवलेला, निवृत्त, ताठ मानेचा माणूस. रविवारचा सूट घालून शेडमध्ये यायचे आणि तिथेच कपडे बदलायचे. त्यांचं काम चोख होतं, कागदपत्रांत त्यांना कोणी हरवलं नसतं, म्हणून त्यांना आम्ही इंजिनाचे मुख्य केलं. पहिल्या दिवशी त्यांनी टेगवेनला विचारलं, "चहाची व्यवस्था तुमच्याकडे का?"

"चहाची किटली त्या कोपऱ्यात आहे, मिस्टर रीस. मला दूध थोडं कमी."

रीसनी मिनिटभर विचार केला आणि जाऊन किटली ठेवली. त्यांचं हे एक बरं होतं. चूक कळली की ते बोलत नसत, पण सुधारत.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत ॲगनेसच्या पोटात पुन्हा वाफ धरली. बॉयलर तपासनीस आले, हातोडीनं ठोकून, दिवा लावून, दोन दिवस बघून गेले आणि पास केली. पण इंजिन पास झालं म्हणून रेल्वे होत नाही. रूळमार्गाची जमीन आता जिल्हा परिषदेकडे होती आणि तिथले काहीजण रूळ उखडून रस्ता करायच्या मागे लागले होते. परिषदेनं अट घातली, की बारा मेपर्यंत सरकारी रेल्वे निरीक्षकासमोर माणसांनी भरलेले दोन डबे खालून वरपर्यंत, न थांबता नेऊन दाखवा. जमलं तर जमीन संस्थेला, नाही तर रस्ता.

आम्ही डबे आणले, रंगवले, इंजिनातून त्यांचे ब्रेक लागतील अशी सोय केली. एप्रिलमध्ये सराव सुरू झाला. ड्रायव्हर रीस, फायरमन हेडन. डब्यांत माणसांऐवजी वाळूची पोती.

चढाच्या मधोमध चॅपेलखाली एक वळण आहे. डाव्या हाताला उभा कडा, त्यातून बारा महिने पाणी झिरपतं आणि रुळांवर शेवाळासारखा निसरडा थर बसतो. रीस खालूनच वेग घेऊन आले, जोरात वाफ सोडली. वळणावर चाकं जागच्या जागी गरगर फिरली, धुराड्यातून ठिणग्या उडाल्या आणि गाडी थांबली. मागे घेतली, पुन्हा प्रयत्न, पुन्हा थांबली. त्या आठवड्यात चार वेळा थांबली.

टेगवेन वळणावर, गवतात उभी राहून बघत होती. चौथ्या वेळी रीस खाली उतरले तेव्हा ती पुढे झाली.

"मिस्टर रीस, एक विचारू? पाण्याची टाकी किती भरलीय?"

ॲगनेसच्या पाण्याची टाकी खोगीर टाकल्यासारखी तिच्या पाठीवरच आहे.

"अर्धी," रीस म्हणाले. "चढावर वजन जेवढं कमी तेवढं बरं."

"मोठ्या लाईनीवर पाणी मागच्या वेगळ्या गाडीत असतं, तिथे ते बरं. इथे पाणी चाकांवर बसतं. तेच चाकांना रुळावर दाबून धरतं. टाकी काठोकाठ भरा."

रीसचा चेहरा लाल झाला. "मिसेस हॅवर्ड, मी चौतीस वर्षं जलद गाड्या चालवल्यात. ताशी नव्वद मैलांनी."

"हो. आणि इथे नऊच्या वर कोणी कधी गेलं नाही."

हेडन पाठ फिरवून हसायला लागला. रीसनी हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"आणखी काय सांगायचंय?"

"वेगानं येऊ नका. हळू या. वळणाच्या आधीच चाकांपुढे रुळांवर वाळू सोडा, घसरल्यावर नको. वळणावर वाफेचा दांडा ओढायचा नाही, उलट थोडा ढकलायचा, ती गुरगुरेल एवढाच. आणि भट्टीचं दार उघडायचं नाही. कोळसा सगळा खालीच घालून घ्यायचा."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मी चार वर्षं रोज आठ वेळा केलंय. शेवटची अर्धी वाट एकदा एकटीनं."

मग हेडननंच रीसना काच फुटली तो किस्सा सांगितला. त्यानंही तो बेंजाकडूनच ऐकला होता. रीसनी एकदा वळणाकडे पाहिलं आणि हातमोजे काढून खिशात घातले.

"मला सांगून जमणार नाही," ते म्हणाले. "चौतीस वर्षांच्या सवयी तीन आठवड्यांत मोडत नाहीत. हात आपोआप दांडा ओढतो. तुम्ही चालवा."

टेगवेन म्हणाली, "माझ्याकडे परवाना नाही."

"परीक्षा घेणारा मी आहे. नियम पुस्तकातले सगळे विचारीन. सूट मिळणार नाही."

"मागितलीय कोणी?"

बासष्टाव्या वर्षी टेगवेन परीक्षेला बसली. रोज संध्याकाळी माझ्या घरी येऊन पुस्तक वाचायची, मी प्रश्न विचारायचो. शिट्ट्यांचे अर्थ, बावटे, ब्रेक निकामी झाला तर काय, पाणी कमी पडलं तर काय. काही उत्तरं पुस्तकाहून चांगली होती, ती तिनं मुद्दाम पुस्तकासारखी पाठ केली. "नाहीतर तो माणूस गुण कापेल," ती म्हणायची. रीसनी तोंडी परीक्षा तीन तास घेतली आणि प्रत्यक्ष परीक्षा सहा दिवस. पहिल्या दिवशी तिनं दांड्यावर हात ठेवला, ते मी पाहिलं. तिनं तो हात दोन मिनिटं तसाच ठेवला. मग ॲगनेस हलली. रीसनी कागदावर सही करताना एवढंच म्हटलं, "मी लोकांना सहसा दुसऱ्या खेपेला पास करतो."

बारा मे उजाडला तो बारीक पावसाचा. धो धो असता तर बरं झालं असतं, रूळ धुऊन निघाले असते. ही बुरबुर म्हणजे रुळाला साबण लावल्यासारखी. सकाळी सात वाजता मी, हेडन आणि आणखी चौघं वळणावर फावडी घेऊन गेलो आणि कड्याखालची बुजलेली चर जमेल तितकी मोकळी केली. तरी पाणी यायचं ते येतच होतं.

निरीक्षक मिस्टर ॲशकम दहाला आले. उंच, कमी बोलणारा माणूस, वही हातात. परिषदेचे तिघंही आले, त्यातला एक रस्त्याचा नकाशा काखेत घेऊनच आला होता. गावातले शंभरएक लोक दोन डब्यांत चढले आणि बाकीचे रुळांच्या कडेनं छत्र्या घेऊन उभे राहिले. ॲशकम इंजिनावर चढले आणि समोर टेगवेनला पाहून थांबले. तिच्या पायाखाली लाकडी खोकं होतं, कारण त्याशिवाय तिला पुढच्या काचेतून दिसत नसे.

"ड्रायव्हर कोण?"

"मी, साहेब."

"आणि फायरमन?"

"मी," रीस म्हणाले. त्यांच्या हातात फावडं होतं. हेडनला त्यांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, की ही फेरी मी कोळसा टाकणार. ॲशकमनी रीसचे कागद वाचले होते. त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मीही त्या दिवशी इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यात उभा होतो, नियमाप्रमाणे संस्थेचा एक माणूस लागतो म्हणून. म्हणून जे सांगतो ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

टेगवेननं टाकी काठोकाठ भरून घेतली होती, झाकणातून पाणी सांडत होतं. तिनं शिट्टी दिली आणि ॲगनेस निघाली. खालच्या सपाटीवर तिनं तिला मनासारखं चालू दिलं. रीस न बोलता कोळसा टाकत होते, मागे जाड, पुढे पातळ, जसा तिनं सांगितला तसा. चढ सुरू झाला तशी ॲगनेसचे ठोके जड झाले. चारही सारखे. टेगवेनची मान किंचित तिरकी होती. ती बघत कमी होती, ऐकत जास्त होती.

"बास," ती म्हणाली. रीसनी भट्टीचं दार लावलं.

कडा दिसायला लागला. तिनं वाळूची दोरी ओढली. वेग माणसाच्या चालीइतका होता. परिषदेच्या माणसांनी डब्यातून माना बाहेर काढल्या होत्या. आता ही थांबणार, असंच सगळ्यांना वाटलं असावं. वळणावर पहिलं चाक गेलं आणि ॲगनेसला हिसका बसला. चाकं अर्धा फेरा सुटली. मी कठडा घट्ट धरला. रीसचा हात आपोआप दांड्याकडे गेला आणि मधेच थांबला, तो त्यांनी दुसऱ्या हातानं धरून खाली घेतला. टेगवेननं दांडा बोटभर आत ढकलला. ठोके बारीक झाले. एका क्षणी गाडी उभीच आहे असं वाटलं. मग तळातून एक गुरगुर आली, चाकांनी वाळू चावली आणि ती पुढे सरकली. एक हात. दोन हात. कड्यावरचं पाणी टपटप छपरावर पडत होतं.

"चल गं," टेगवेन हळू म्हणाली. वळणभर ती एवढंच बोलली.

वळण संपून रूळ सरळ झाले तेव्हा तिनं दांडा उघडला आणि ॲगनेसनं असा आवाज काढला, की खालच्या गावातल्या खिडक्या थरथरल्या असतील. डब्यांतून लोक ओरडायला लागले. कडेनं उभी असलेली माणसं छत्र्या मिटून धावत सुटली, आमच्यापेक्षा जोरात. वरच्या टोकाला ती थांबली तेव्हा भट्टीवरचा वाफेचा काटा हवा तिथेच होता, एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही.

लोक उतरून इंजिनाभोवती जमले. कोणीतरी टेगवेनला खाली ओढायला लागलं.

"सोडा," ती म्हणाली. "अर्धं काम राहिलंय. चढवणं सोपं असतं, उतरवणं बघा."

ॲशकम पहिल्यांदा हसले. "बरोबर आहे. ते मी बघणारच होतो."

उतरताना तिनं एकदाही ब्रेक कचकन लावला नाही. डब्यातल्या एका म्हातारीच्या हातातला चहाचा कप तळाला पोचेपर्यंत सांडला नाही, हे तिनं नंतर सगळ्यांना दाखवलं. खाली आल्यावर ॲशकमनी वही मिटली आणि परिषदेच्या माणसांकडे वळून म्हणाले, "मला काही हरकत दिसत नाही. चालकाबद्दल तर अजिबात नाही." नकाशावाल्यानं नकाशा दुसऱ्या काखेत घेतला. मग मोकळा झालेला हात पुढे करून टेगवेनचा हात हातात घेतला. त्याची पांढरी बाही काळी झाली, पण तोही हसत होता.

रीस फावडं टेकून उभे होते, कपाळ घामानं भिजलेलं. टेगवेननं विचारलं, "काय मिस्टर रीस, किती गुण?"

"वळणावर वाळू जरा आधी सोडता आली असती," रीस म्हणाले. "बाकी ठीक."

"तुमचा कोळसा डाव्या कोपऱ्यात जास्त पडतो."

"पुढच्या खेपेला बघतो."

जूनमध्ये परिषदेचा कागद आला. जमीन आमची, रूळ आमचे. त्या उन्हाळ्यात दर शनिवारी-रविवारी दोन डबे भरून जायला लागले. खाणीतून बाहेर पडलेल्या अठरा जणांना तिथे काम मिळालं, काहींना पगारी, काहींना बिनपगारी, पण रोज सकाळी उठून जायला एक जागा झाली. हेडन स्टेशनमास्तर झाला आणि टोपी घालून मिरवू लागला. टेगवेन अकरा वर्षं ॲगनेस चालवत होती, आणि बहुतेक फेऱ्यांना तिचा फायरमन म्हणजे ग्लॅनव्हिल रीस. चढावर गाडी गेली की दोघांचं भांडण सगळ्या दरीत ऐकू यायचं.

त्या अकरा वर्षांत तिनं चौदा जणांना ड्रायव्हर केलं. त्यात पाच बाया आहेत. परीक्षा ती रीससारखीच कडक घ्यायची, पण वळणावर पोचलं, की पुस्तक मिटायला सांगायची आणि म्हणायची, आता ऐका. गेल्या रविवारी मी चढाच्या कडेला बसलो होतो. तिनं शिकवलेली मोरवेन पार्फिट ॲगनेस घेऊन वर गेली. तसल्याच बारीक पावसात, तीन डबे. एकदाही घसरली नाही.